जिजीचे बिबडे फ्लॅटमध्ये : किती बदललं तरी ते बिबडेच राहतील?

तापीकाठ | ६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, सासर आणि नोकरी पुण्यात. जिजी, म्हणजे माझी आजी, होती तोवर दर मे महिन्यात एसटीने पत्र्याचा डबा यायचा. त्यात बिबडे, कुरडया, नागलीचे पापड. जिजीला जाऊन दोन वर्षं झाली. आईचे गुडघे आता पहाटे चारला पातेल्यापुढे बसू देत नाहीत. तेव्हा बिबडे मलाच करायचे आहेत, आणि ते माझ्या घरात होतील, माझा मुलगा खाईल असे करायचे आहेत.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बिबडा म्हणजे खान्देशातला ज्वारीचा पापड, पण लाटायचा नाही. आमच्याकडे ज्वारी ओलवून गिरणीतून भरडून आणतात, पाखडून कोंडा काढतात आणि चाळून कणी वेगळी, पीठ वेगळं ठेवतात. कणी तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी अंधारातच मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं. त्यात मीठ, तीळ, खसखस, जिरं आणि लसूण-मिरचीचं वाटण. मग आधी कणी, ती शिजली की पीठ, आणि लाकडी दांड्याने हाटत राहायचं. हा गरम घाटा ओल्या धोतरावर ओल्या हाताने पातळ थापायचा. "हात वल्ला कर, पोरी," एवढंच जिजी दिवसभर सांगत असायची. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडे सुटून येतात, आणि मग पुन्हा कडक ऊन. आम्हा पोरांना पहिला घाटा वाटीत मिळायचा, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. नंतर दुपारी अर्धवट सुकलेले लवचीक बिबडे, त्यात शेंगदाणे गुंडाळून. तळलेल्या बिबड्यापेक्षा मला आजही तेच आठवतात.

आता अडचण. पाचवा मजला, गच्चीला कुलूप, गॅलरीत साडेनऊ ते साडेबारा एवढंच ऊन. घरात तळण फारसं नाही, मुलाला डॉक्टरांनी तेलकट कमी करायला सांगितलंय. शिवाय त्याला ताटाएवढा बिबडा नको, हातात धरून खाता येईल असा तुकडा हवा. म्हणून मनात आहे ते असं: १ किलोचाच घाट घालायचा, कापडाऐवजी सिलिकॉनचा कागद, उन्हाला ओव्हनची जोड, लहान त्रिकोणी आकार, एका भागात बीट आणि एका भागात पालक, आणि तळण्याऐवजी भाजणं. तीन दिवस भिजवण्याऐवजी एका रात्रीत दह्याने आंबट करता येईल का, हाही प्रश्न आहे.

हे सगळं केल्यावर त्याला बिबडे म्हणायचं का, ते तुम्ही सांगा. पण त्याआधी ते जमेल का हे सांगा.

---

सुलभाकाकू | ६ एप्रिल, रात्री १०:२५

तापीकाठ, मी जळगावची. चाळीस वर्षं बिबडे केलेत, म्हणून हक्काने सांगते. दही घालू नकोस. दह्याचा आंबटपणा वरवरचा असतो. तीन दिवस मुरलेल्या कणीचा वास घरात फिरला की शेजारीण विचारते, "बिबडे का?" तो वास दह्याने येत नाही.

आमची रीत थोडी वेगळी. आम्ही अख्खी ज्वारी तीन दिवस भिजवतो, धुऊन सावलीत सुकवतो आणि ओलसर असतानाच दळतो. दोन्ही रीती बरोबर, पण तीन दिवस दोन्हीत आहेत हे लक्षात घे.

लहान आकाराबद्दलही सांगते. बिबडा मोठा थापतात तो उगीच नाही. हाताने थापताना मधला भाग पातळ होतो आणि कडा थोडी जाड राहते. मोठ्या बिबड्याला कडा एकच. दहा लहान थापलेस तर दहा कडा, आणि कडा नीट फुलत नाहीत, दाताला लागतात. मुलगा तिथेच कंटाळेल.

बीटचं मला पटत नाही, पण करून बघ.

---

वऱ्हाडी माणूस | ६ एप्रिल, रात्री ११:०२

आमच्याकडे अकोला-बुलढाण्यात ह्यालाच धापोडे म्हणतात. धाग्याचं नाव वाचून आधी कळलंच नाही, रीत वाचली आणि आईचं अंगण उभं राहिलं. तुमच्या काकू म्हणतात तसंच, आकाराला हात लावू नका. बाकी तुम्ही जाणे.

---

पिष्टमय | ७ एप्रिल, सकाळी ८:१५

मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करते, पापड-फ्रायम्ससारख्या पदार्थांवरच बरीच वर्षं घालवली आहेत. म्हणून जरा लांबण लावते.

तीन दिवसांत पाण्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे चव तर येतेच, शिवाय दाणा आतपर्यंत मऊ होतो. ज्वारीचा दाणा कठीण असतो, त्यातलं पिष्ट प्रथिनांच्या जाळीत घट्ट बसलेलं असतं आणि ते गव्हाच्या पिष्टापेक्षा जास्त तापमानाला शिजतं. न मुरलेली कणी बाहेरून शिजते, आत पांढरा कच्चा ठिपका राहतो. तो ठिपका वाळल्यावर खड्यासारखा होतो. दह्याने आंबटपणा मिळेल, मऊपणा मिळणार नाही. काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आणि आधी कणी, मग पीठ हा क्रमही त्याचसाठी आहे. पीठ आधी घातलं तर ते सगळं पाणी धरून बसतं आणि कणी उपाशी राहते.

आता फुलण्याबद्दल. वाळलेल्या बिबड्यात थोडं पाणी शिल्लक असतं. गरम तेलात त्याची क्षणात वाफ होते आणि शिजून वाळलेलं पिष्ट फुगतं. ओव्हनमधली हवा तेलाच्या मानाने फार हळू उष्णता देते. वाफ हळूहळू निसटून जाते, बिबडा फुलत नाही, नुसता कडक होतो. त्यामुळे ओव्हनमध्ये भाजलेला बिबडा पुठ्ठ्यासारखा झाला तर तुमच्या हाताचा दोष मानू नका. मायक्रोवेव्ह करून बघा. तिथे आतलं पाणीच थेट तापतं.

सुकवण्यासाठी ओव्हन चालेल, पण ६० अंशांच्या आसपासच ठेवा आणि दार किंचित उघडं. जास्त तापवलंत तर वरची पापडी घट्ट होऊन आतली ओल अडकते. असे बिबडे हाताला कोरडे लागतात आणि पावसाळ्यात डब्यात बुरशी धरतात.

रंगांचं सांगू का? बीटचा रंग उष्णतेला टिकत नाही, घाट्यातच अर्धा जाईल. पालकाचा हिरवा आम्लात शिजला की शेवाळी-तपकिरी होतो, आणि तुमचा घाटा आंबट आहे. हळद शिजवण्याला टिकते, पण उन्हात फिकी पडते. लाल मिरची मात्र ह्या सगळ्यातून बऱ्यापैकी निभावते. आपल्या आज्यांनी लाल वाटणच का धरून ठेवलं त्याचं एक कारण मला तरी ह्यात दिसतं.

---

मधुरा मिशिगन | ७ एप्रिल, सकाळी ९:५०

मी इथे बिबडे नाही, पण ज्वारीच्या पापड्या डिहायड्रेटरमध्ये करते. थंडीत घरात १९-२० अंश असतं, तीन दिवसांत कणीला काहीच होत नाही. मला पाच दिवस लागतात. घाई असली तर भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते. पाण्यावर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, धुऊन वापरायचं नाही. एकदा जीव झाला नाही टाकायला, पण टाकलं.

डिहायड्रेटरच्या ट्रेवर चिकटू नये म्हणून सिलिकॉनचे कागद आहेत. ५७ अंशांवर चार तासांनी उलटते, मग आणखी तीन-चार तास. कापडाची जाळीदार खूण मात्र येत नाही, एक बाजू काचेसारखी गुळगुळीत होते. चवीत फरक नाही. डोळ्यांना लागतो.

---

तापीकाठ | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

केले! सविस्तर लिहिते, कारण निम्मं फसलं.

१ किलो ज्वारी. काकू आणि पिष्टमय ह्यांचं ऐकून कणी तीन दिवस मुरवली. चौथ्या सकाळी ४ लिटर आधण, २५ ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम तीळ, दोन चमचे खसखस, दोन चमचे जिरं, एक गड्डा लसूण आणि पंधरा लाल मिरच्यांचं वाटण. घाटा तीन भागांत वाटला: साधा, बीटचा, पालकाचा.

बीटचा घाटा पातेल्यात सुंदर दिसला, वाळल्यावर विटकरी आणि भाजल्यावर मातीसारखा. पालकाचं पिष्टमय ताईंनी सांगितलं तेच झालं, वर त्यात ज्वारीची चवच हरवली. दोन्ही पुन्हा करणार नाही.

लहान गोल थापले तर काकूंचं तंतोतंत खरं. कडा दाताला लागल्या. मग उरलेला साधा घाटा कागदावर सलग पातळ पसरला, दुपारी चारला अर्धवट सुकल्यावर, म्हणजे पोळीसारखा वाकत असताना, पिझ्झा कापायच्या चाकाने त्रिकोण कापले. पूर्ण वाळल्यावर कापायला गेले असते तर तडकले असते. सलग पसरल्यामुळे कड फक्त चारी बाजूंना. मधल्या सगळ्या त्रिकोणांना जाड कड नाहीच! काकू, तुमच्या आक्षेपामुळेच हे सुचलं.

सुकवायला गॅलरीत तीन तास ऊन, मग ओव्हन ६० अंशांवर चार तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन.

ओव्हनमध्ये भाजले: पुठ्ठा. एअर फ्रायरमध्ये हलके त्रिकोण पंख्याने उडून वर चिकटले. वरून लोखंडी जाळी ठेवली तेव्हा जागेवर राहिले, पण फुलले अर्धेच. मायक्रोवेव्हमध्ये चाळीस सेकंदांत काठापासून मधेपर्यंत फुलले! पण फिके, भाजल्याचा वास नाही. मग तेच गॅसवर पापडाच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी क्षणभर धरले, काळे ठिपके येईपर्यंत. हे जमलं. मुलाने एका बैठकीत चौदा खाल्ले.

---

दादरवाला | १३ एप्रिल, रात्री ८:४५

ताई, ज्वारी कोणती घेतली? मी तुमच्याच बाजूचा शेतकरी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत दरसाल थोडी दादर करतो. पुण्यात दुकानात बहुतेक मालदांडी मिळते. ती भाकरीला उत्तमच, तिच्या वाईट नाही बोलणार. पण बिबड्याला आमच्याकडे दादरचं नाव घेतात, आणि कित्येक घरी खरिपाची संकरितच वापरतात, स्वस्त पडते म्हणून. पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली तेव्हापासून आमच्या आईच्या पिढीने तिचेही बिबडे केलेच. म्हणजे बदल तुम्ही पहिल्यांदा करताय असं नाही.

माझं दुःख वेगळं आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, शहरातली माणसं ज्वारीचं कौतुक करू लागली, चांगलं झालं. पण आमच्या शिवारात केळी आणि कापूस ह्यांनी जागा घेतली. दादर उंच, कापणीला मजूर मिळत नाही, दाणे भरताना पाखरं राखायला माणूस लागतो. कडब्यासाठी करतो म्हणून टिकलीय. तुमच्यासारख्या लेकीबाळींनी बिबड्यासाठी दादर मागितली तर एखादा वाफा जास्त पेरता येईल. चवीचं बोलताना धान्याचंही बोला, एवढंच म्हणणं.

---

तापीकाठ | १३ एप्रिल, रात्री ९:१०

दादा, मालदांडीच होती. तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. पुढच्या वेळी भावाकडून गावची दादर मागवते, भाव न करता.

---

नीरजा_ग | १४ एप्रिल, दुपारी १:०५

एक प्रश्न. माझ्या भाचीला सिलिअॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं हे माहीत आहे. मग हे बिबडे तिला देता येतील ना?

---

पिष्टमय | १४ एप्रिल, दुपारी २:२०

नीरजाताई, ज्वारी चालेल, गिरणी चालणार नाही. ज्या जात्यातून गहू दळला जातो त्यातूनच ज्वारी भरडली तर गव्हाचं पीठ मिसळतंच. आधी दोन किलो दुसरं धान्य दळून घेतलं तरी खात्री नाही. भाचीसाठी काकूंची रीत घ्या: अख्खी ज्वारी निवडून, धुऊन, भिजवून घरच्या मिक्सरमध्ये. आणि ज्या कापडावर कुरडया घातल्या त्यावर बिबडे नकोत, कुरडई गव्हाच्या चिकाची.

---

सुलभाकाकू | १४ एप्रिल, दुपारी ४:००

पिष्टमय, हे माझ्या कधी लक्षातच आलं नसतं. कापड एकच असतं आमचं, आधी कुरडई मग बिबडे. नीरजा, भाचीसाठी नवं धोतर फाड.

तापीकाठ, तुझा त्रिकोण वाचून मी उठून आमच्या जुन्या धोतरावर सलग पसरून पाहिला. माझ्या सुनेने चाकाने कापला. कडेची गोष्ट खरी निघाली.

पण एक विचारायचंय. तू भाजतेस ते ठीक, पण खातेस कशाबरोबर? नुसता?

---

कोकणपट्टी | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

आमच्या तांदळाच्या फेण्या अशाच तीन दिवस भिजवून करतात, पण घाटा न शिजवता पातळ पीठ ताटलीत ओतून वाफवतात आणि मग सोलून वाळवतात. तापीकाठ, वाफवून का नाही पाहत? थापायचे कष्ट वाचतील आणि जाडी सगळीकडे सारखी येईल.

---

तापीकाठ | २१ एप्रिल, रात्री १०:१०

दुसरा घाट काल झाला. आधी कोकणपट्टी ह्यांना उत्तर. थोडी कणी बारीक वाटून ताटलीत वाफवून पाहिली. दिसायला देखणं, पारदर्शक, फुललंही छान. पण त्यात कणी अशी वेगळी उरलीच नाही. बिबड्यात चावताना जे रवाळ लागतं, ते गेलं. पदार्थ चांगला आहे, मी पुन्हा करीन, पण त्याला बिबडा म्हणणार नाही. म्हणजे पहिल्या दिवशी मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला इथे मिळालं: आकार गेला, कापड गेलं, तेल गेलं, तरी आई खाऊन म्हणाली, "आपलेच आहेत." कणी गेली आणि तिने विचारलं, "हे काय आहे?"

काकू, कशाबरोबर खाते ते सांगते. भरिताबरोबर! जिजीकडे बिबडा भरिताशेजारी ताटात असायचाच, पण चुरून. मी त्रिकोण भरितात बुडवून खायला ठेवले, वर कांद्याची पात. भरिताची खरी वांगी हिवाळ्यातली, बामणोदकडची हिरवी, लांबट. आत्ता एप्रिलमध्ये मिळाली ती साधीच होती, तरी पाहुण्यांनी वाटी पुसून खाल्ली. डिसेंबरात खरं भरीत करणार आहे, तोवर ह्यातला एक डबा बाजूला काढून सील केलाय. दुसरं म्हणजे घट्ट दही आणि लाल मिरचीचा ठेचा. मुलाला ते आवडतं.

चवीत एकच बदल केला. लसूण दुप्पट, आणि निम्मा लसूण घाटा उतरवल्यावर घातला. शिजल्याने जो मंदावतो तो वास टिकला. बारीकच वाटायला हवा, मोठा तुकडा जाळीवर जळून कडू होतो. तिळाऐवजी जवस भरडून घालायचा विचार होता, पण

---

मधुरा मिशिगन | २१ एप्रिल, रात्री १०:३०

मधेच बोलते, जवस घालू नका! मी घातला होता. दोन महिन्यांत डबा उघडला तर खवट, सगळे टाकले. भरडलेल्या जवसाचं तेल फार लवकर बिघडतं. अख्खा तीळच बरा. वर्षभर टिकवायचे नसतील, आठवड्यात संपवणार असाल तर जवस चालेल.

---

तापीकाठ | २१ एप्रिल, रात्री १०:४५

माझा प्रतिसाद अर्धवटच गेला होता, आणि बरं झालं. मधुरा, वाचवलंस. तीळच ठेवते.

---

आखातातली_आई | २२ एप्रिल, सकाळी ७:२०

तुमचा धागा वाचून माझी बहीण दुबईला येताना हे करून आणणार होती. तिला वेळेवर थांबवलं, कारण खसखस! इथे खसखशीवर बंदी आहे, सामानात सापडली तर गंभीर प्रकरण होतं. सौदी आणि सिंगापूरलाही तेच. पदार्थात मिसळलेली असली तरी नको. तिने आता खसखशीशिवाय, तीळ थोडा वाढवून वेगळा घाट लावलाय. परदेशी पाठवणाऱ्या सगळ्यांनी कृपया हे लक्षात ठेवा.

---

सुलभाकाकू | २२ एप्रिल, सकाळी ९:००

खसखस आमच्या आईच्या वेळी घरात असली तर घालायची, नसली तर नाही. त्यामुळे बिनखसखशीचा बिबडा म्हणजे काही कमी नाही, बहिणीला सांगा.

तापीकाठ, तुझ्या आईने "आपलेच आहेत" म्हटलं ते वाचून मला भरून आलं. पुढच्या वर्षी मी तुझ्या पद्धतीने अर्धे करणार, अर्धे मोठेच. मोठा बिबडा ओला असताना शेंगदाणे गुंडाळून नातवंडांना द्यायचा असतो, त्रिकोणात शेंगदाणे कसे गुंडाळशील?

---

तापीकाठ | २२ एप्रिल, सकाळी ९:३५

काकू, खरंय. तिसऱ्या घाटात दोन मोठे कापडावर थापणारच, खास ओले खायला.

---

नीरजा_ग | २२ एप्रिल, दुपारी १२:१०

धोतर आणलं, ज्वारी भिजली आहे, उद्या तिसरा दिवस. घाटा शिजवताना कणी शिजली हे नेमकं कसं ओळखायचं? पीठ कधी घालू?

---

तापीकाठ | २२ एप्रिल, दुपारी १२:४०

नीरजाताई, आईने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं ते सांगते. आधी एक गोष्ट: तुम्ही मिक्सरमध्ये वाटणार, तर सगळं गुळगुळीत वाटू नका. दोन-तिनदा फिरवून चाळणीवर ओता. वर राहील ती कणी, खाली जाईल ते पीठ.

आधणात कणी सोडल्यावर मंद आचेवर ठेवा, हात थांबवू नका. वीस मिनिटांनी थेंबभर घाटा ओल्या ताटलीवर टाका आणि उजेडाकडे धरा. दाण्यात पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे, झाकण ठेवून पाच-पाच मिनिटांनी पुन्हा बघा. ठिपका गेला की पिठाची धार सोडा, दुसऱ्या हाताने हाटत. पीठ शिजलं की पुन्हा एक थेंब ताटलीवर टाकून गार होऊ द्या. नखाने उचलल्यावर पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला की गॅस बंद करा आणि उरलेला लसूण घाला. घाटा गरम असतानाच पसरा, गार झाला की दगड होतो. आणि हात ओला ठेवा.